क्रमशः भाऊ

भाऊ कुठलीही गोष्ट एका बैठकीत पुरी करत नसत. सिरोंच्याच्या टपरीवर सगळे कान टवकारून बसलेले असावेत, अस्वल मोहाच्या झाडाखाली उभं राहिलेलं असावं, आणि नेमके तेव्हाच भाऊ रिकामा ग्लास खाली ठेवून उठत. "क्रमशः," एवढंच म्हणत आणि छत्री उघडून चालू लागत. मागून कोणी कितीही आरडाओरडा केला तरी वळून पाहत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसल्यावरच ते अस्वल पुढे सरकायचं. गावानं त्यांचं नावच क्रमशः भाऊ पाडून टाकलं होतं. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं.

मी त्यांच्या हाताखाली आलो तो पूरनियंत्रणाचा हंगामी वायरलेस ऑपरेटर म्हणून. पावसाळ्यापुरती नोकरी. प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावतीच्या काठानं आमची ठाणी विखुरलेली असत. एक सेट, एक बॅटरी आणि एक माणूस, की झालं ठाणं. नदीत रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर चढलं ते सकाळ-दुपार-संध्याकाळ वाचायचं आणि सेटवरून कंट्रोलला, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याला, सांगायचं. सिरोंचाचं ठाणं मोठं म्हणून तिथे आम्ही दोघे होतो. मी चंद्रपूरचा, विशीतला, डोकं कायम तापलेलं. पहिल्या दिवशी खोलीत शिरलो तर हा चाळिशी ओलांडलेला, चष्मेवाला, अंगात पांढरा बनियन घातलेला गृहस्थ सेटशेजारी मांडी घालून कॉमिक वाचत बसलेला. माझ्या मनात आलं, आपल्या नशिबी साहेब म्हणून हेच ध्यान यायचं होतं का?

'तारा चौकी' असं त्या कॉमिकचं नाव. हिंदीत निघायचं, महिन्याला एक अंक. एसटीचा एक ड्रायव्हर चंद्रपूरच्या बसस्टँडवरच्या स्टॉलवरून तो अंक घेऊन येई आणि भाऊंच्या हातात देताना न चुकता म्हणे, "घ्या, तुमचा पोरखेळ आला." भाऊंना त्याचं काही वाटत नसे. गोष्ट अशी होती की पृथ्वीपासून फार लांब, अंधारात, चौक्यांची एक रांग आहे. प्रत्येक चौकीवर एकच पहारेकरी. ताऱ्यांना गिळत एक काळी लाट पुढे सरकते आहे आणि ती कुठवर आली हे या पहारेकऱ्यांनी रोज आपल्या यंत्रावरून मोठ्या यानाला कळवायचं. त्या यानावर वीरा नावाची कप्तान, आणि सर्वांत टोकाच्या नवव्या चौकीवर सोमा नावाचा पहारेकरी. सोमा हा भाऊंचा जीव.

"हे आपलंच काम होय ना बे," ते मला म्हणाले होते. "फरक एवढाच, आपलं पानी खालून येते, त्यायचं वरून येते."

वाचण्याची त्यांची तऱ्हाही जगावेगळी होती. दिवसाला एकच पान. सकाळचं रीडिंग कंट्रोलला कळवून झालं की चष्मा पुसायचा, एक पान वाचायचं, त्यातलं एकेक चित्र बोटानं दाबून पाहायचं आणि न वाचलेल्या पानांना कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावून अंक फळीवर ठेवून द्यायचा. तो चिमटा म्हणजे भाऊंचं कुलूप. त्याच्या पलीकडे काय आहे हे स्वतः तर बघत नसतच, दुसऱ्यालाही बघू देत नसत. एका दुपारी ते नदीवर गेलेले असताना मी चिमटा काढून अख्खा अंक वाचला आणि ते आल्यावर मोठ्या ऐटीत म्हणालो, "भाऊ, सांगू का पुढे वीराचं काय होते ते?" भाऊंनी दोन्ही कानांवर हात ठेवले, तसेच पायऱ्या उतरून गेले आणि जेवायलाही आले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात रीडिंगपुरतंच बोलणं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हातारा वेडा आहे.

अबोला सुटल्यावर एकदा त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचं गाव सिंदेवाहीकडचं, घरी मजुरी, पुस्तकाचं नाव नाही. दुकानातून मीठ-मिरची आणली की ज्या कागदाची पुडी असे तो कागद हे सरळ करून वाचत. कधी त्यावर गोष्टीचा एखादा तुकडा निघे. "पुडी संपली का गोष्ट संपली," भाऊ म्हणाले. "मागचं नाई, पुढचं नाई. मंग वावराच्या धुऱ्यावर बसून पुढचं मनानंच करत जावो. आता पुढचं छापून येते, माह्या नावानं एसटीनं येते. ते एका दिवसात खाऊन टाकू का मी?" तेव्हापासून मी त्या चिमट्याला हात लावला नाही.

भाऊंचा एक शिष्य होता. त्यानं 'तारा चौकी'चा एकही अंक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. इंद्रावतीच्या अंगाला, दाट जंगलात कोरेपल्ली म्हणून आमचं ठाणं होतं. पावसाळा लागला की तिथे ना एसटी जाई ना सायकल. तिथला ऑपरेटर मडावी, मूळचा कुरखेड्याकडचा, हसरा आणि बडबड्या. बोलायला माणूस नाही म्हणून सेटवर बोलायचा आणि कंट्रोलच्या शिव्या खायचा. सेटवर सरकारी संदेशाशिवाय अक्षर बोलायचं नाही असा सक्त नियम. पण संध्याकाळचं रीडिंग झालं की मडावी हळूच म्हणे, "भाऊ, आजचं पान?" आणि भाऊ पाण्याची पातळी सांगावी तशा कोरड्या आवाजात सांगत, "चित्र एक, सोमा यंत्रापाशी बसला. चित्र दोन, लाट दिसते. चित्र तीन, सोमा उभा राह्यला. क्रमशः. ओव्हर." कंट्रोलला पत्ता लागायच्या आत पान संपलेलं असे.

मडावीच्या शंका मात्र संपत नसत. "सोमाचा सदरा कोन्या रंगाचा हाये?" त्यानं एकदा विचारलं.

"हिरवा."

"आपल्या फॉरेस्टवाल्यावानी?"

"नाई, भाताच्या रोप्यावानी. ओव्हर."

त्यावर मडावी इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी सांगायच्या आधी त्यानं सदऱ्याची चौकशी केली आणि कंट्रोलनं त्याला सगळ्या ठाण्यांच्या देखत झापलं.

त्या वर्षी अंक आला आणि पाठोपाठ आलापल्लीचा रस्ता बंद झाला. पाऊस थांबायचं नाव घेईना. अंकात सोमाची अवस्था वाईट होती. लाट नवव्या चौकीच्या रोखानं वळली होती, आणि वीराचं यान फार मागे होतं. भाऊ रोजचं पान वाचून गप्प बसत. एरवी टपरीवर जात तेही बंद झालं होतं, कारण गोदावरी फुगली होती आणि आम्हाला खोली सोडायची सोय नव्हती. गोदावरी अशी तुडुंब भरली की ती इंद्रावतीचं पाणी आत येऊ देत नाही. ते पाणी मागे चढत जातं आणि कोरेपल्लीसारखी गावं मागूनपुढून सापडतात. गावकरी वेळीच टेकडीवर गेले. मडावी रीडिंगसाठी थांबला. थोडं थांबून निघू म्हणता म्हणता टेकडीची वाट पाण्याखाली गेली.

सकाळी त्याचा आवाज आला तो धान्याच्या गोदामाच्या स्लॅबवरून. सेट आणि बॅटरी डोक्यावर घेऊन तो जिन्यानं वर चढला होता आणि स्लॅबवरच्या लोखंडी खांबाला एरियल बांधली होती. "पट्टी बुडाली साहेब," तो कंट्रोलला म्हणाला. "आता गोदामाची खिडकी हेच माझं मोजमाप हाये. पानी खिडकीच्या खालच्या गजाले लागलं." कंट्रोलनं सांगितलं की बॅटरी वाचवा, ठरल्या वेळीच सेट लावा, पाण्याची ओढ उतरली की नाव पाठवू. ओढ कधी उतरेल हे कोणालाच माहीत नव्हतं. मी भाऊंकडे पाहिलं. ते माईककडे बघत होते.

दुपारी तो बोलला तेव्हा त्याचे दात वाजत होते. हिवताप भरला होता. पाणी अर्ध्या खिडकीच्या वर गेलं होतं. "समोर चिंचेचं झाड दिसून राह्यलं," तो म्हणाला. "त्याच्या मागं टेकडी. लोकं दिसतात मले. मी पोहून जातो. अजून अंगात दम हाये तवाच जातो."

मी तो भाग पाहिलेला होता. त्या चिंचेच्या आणि गोदामाच्या मधून नाला वाहतो. पुरात त्या जागी बैलगाडीसुद्धा टिकली नसती, तापानं फणफणलेल्या माणसाची काय कथा. कंट्रोलनं हुकूम दिला, "कोरेपल्ली, जागा सोडायची नाही. पुन्हा सांगतो, जागा सोडायची नाही." मडावी एरवी साहेबासमोर मान वर न करणारा. त्या दिवशी तो हसला. "साहेब, तुमी खुर्चीवर बसून हाये. इथी पानी माह्या पायाखाली चढून राह्यलं," तो म्हणाला. मग सेटवर नुसती खरखर.

"मडावी," भाऊ म्हणाले, "आजचं पान आयकतं का?"

मग बारीक आवाज आला, "सांगा भाऊ. मंग जातो."

भाऊंनी अंक उघडला. ते पान मी कधी विसरणार नाही. सोमा चौकीच्या छतावर चढला आहे, लाट पायाशी आली आहे, आणि तो स्वतःशीच म्हणतो आहे की थांबू का उडी मारू. भाऊंनी चित्रामागून चित्र सांगितलं, नेहमीच्या कोरड्या आवाजात. "क्रमशः," ते म्हणाले. "पुढचं पान संध्याकाळी सांगतो. तवापर्यंत तू तिथून हलू नको. ओव्हर."

"एका दिवसात दोन पानं?" मडावीचा आवाज जरा हलका झाला. "तुमचा नेम मोडते ना भाऊ."

"मोडू दे. ओव्हर."

सेट बंद झाला. मी म्हणालो, "भाऊ, आता चिमटा काढा. पुढे काय हाये ते पाहून ठेवा. ऐन वक्ताले भलतंच निघालं तर?" भाऊंनी मान हलवली. नाही म्हणाले. उठून दारात उभे राहिले, परत आले, अंक मांडीवर घेतला आणि परत ठेवला. मला त्यांचा असा राग आला! एक माणूस तिकडे मरायला टेकलाय आणि हे आपला नेम कुरवाळत बसलेत. मी बोललोही तसं, जरा जोरातच. भाऊ चिडले नाहीत. "पुढचं मालूम झालं का वाट पाहनं संपते रे," ते म्हणाले. "अन् वाट पाहनं संपलं का मानूस उठते." मग त्यांनी एकदा बंद सेटकडे पाहिलं आणि चिमटा काढला.

पुढच्या पानावर सोमानं थांबायचं ठरवलं होतं. त्याच्या पुढच्या पानावर वीराचं यान, इंधन संपत आलं म्हणून, मागे फिरलं होतं. आणि उलट्या बाजूला अख्खं पान काळं होतं. कोपऱ्यात फक्त एक हिरवी चिंधी तरंगत होती. मी त्यांच्या खांद्यावरून ते पाहिलं. थांबला तो मेला, एवढाच त्या पानाचा अर्थ. भाऊंनी अंक मिटला. मी पाणी दिलं ते त्यांनी प्यायलं नाही. संध्याकाळ होईपर्यंत ते कॉटवर पाय जवळ घेऊन बसून होते, आणि ओठ हलत होते. धुऱ्यावर बसलेला तो पुडीवाला पोरगा मला तेव्हा दिसला.

संध्याकाळी मडावीचा आवाज ओळखू येईना. पाणी खिडकी गिळून वर आलं होतं, स्लॅबच्या कडेवर लाटा आपटत होत्या. रीडिंगही त्यानं धड दिलं नाही. "भाऊ, सोमानं उडी मारली ना?" त्यानं विचारलं. "मारलीच असन."

भाऊंनी अंकाला पुन्हा चिमटा लावला होता आणि तो पालथा घालून ठेवला होता. त्यांनी डोळे मिटले. "चित्र एक," ते म्हणाले. "सोमा छतावर बसला. उडी नाई मारली. चित्र दोन, वीराचा आवाज आला. सोमा, मी निंघाली हावो. खांबाले स्वतःले बांधून घे. चित्र तीन, सोमानं दोर घेतला, कमरेले बांधला, खांबाले बांधला. डोळा लागला तरी पडनार नाई असा."

"सिरोंचा, सिरोंचा," कंट्रोल मध्येच कडाडलं. "हे काय चाललंय? कोण सोमा? बॅटरी संपेल त्याची. ओव्हर."

नोकरी गेली, असंच वाटलं. भाऊंचे डोळे उघडले नाहीत. "कंट्रोल, कोरेपल्लीच्या ऑपरेटरले बचावाची सूचना देऊन राह्यलो. ओव्हर," ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलू लागले. "चित्र चार. वीराचं मोठं यान लाटेत येऊ शकत नाई. मंग तिनं दोन लहान यानं काढली. एकटं यान लाटेत उलटते. म्हनून दोन बाजूबाजूले लावली, मधात आडवे दांडे टाकले, कसून बांधली. चित्र पाच, वीरा निंघाली. ओढ कमी व्हाची वाट पाहून राह्यली. आली का थेट चौकीवर येते. क्रमशः. ओव्हर."

उत्तर आलं नाही. मला वाटलं बॅटरी गेली. भाऊंनी माईक सोडला नव्हता.

"भाऊ," मडावी म्हणाला. "दोन यानं जोडली?"

"जोडली."

"दांडे बराबर बांधले का?"

"बराबर बांधले. ढिला नाई ठेवला एकही."

मग तो म्हणाला, "मंग मी बी खांबाले बांधून घेतो. इथीच हावो. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या वेळेला कोरेपल्ली बोललं नाही. भाऊ हाका मारत राहिले. कंट्रोलनंही मारल्या. सगळी ठाणी रीडिंग देऊन गप्प झाली होती, पण कोणी सेट बंद केला नसावा, कारण मध्येच कोणाचा तरी खोकला ऐकू येई. भाऊंनी चहाला हात लावला नाही. माझ्याशी ते एकच वाक्य बोलले, "मी त्याले थांबवलं." त्यांच्या बोलण्यात काय भीती होती ते मला नीट कळलं. तो उडी मारून कदाचित वाचलाही असता. आता तो गेला तर भाऊंच्या शब्दावर विसंबून गेला, आणि तो शब्द खोटा होता. मी सेटची वायर उगाच पुसत बसलो.

दुपार कलताना वरच्या अंगाच्या दुसऱ्याच एका ठाण्यावरून आवाज आला. "सिरोंचा, सिरोंचा, मडावी बोलून राह्यलो." ढिवरांनी, म्हणजे नदीवरच्या कोळ्यांनी, त्याला सकाळी, ओढ जराशी उतरताच, स्लॅबवरून काढलं होतं. दोन डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, जोडून आले होते ते. सेट भिजला होता. मडावी खांबाला बांधलेला, अर्धवट शुद्धीत सापडला.

कंट्रोलनं त्याची चौकशी केली, पातळी विचारली, आणि मग कधी नव्हे ते गप्प राहिलं. त्या गप्प जागेत मडावीनं विचारलं, "भाऊ, सोमाले नेलं का मंग?"

"नेलं," भाऊ म्हणाले, आणि चष्मा काढून भिंतीकडे तोंड करून रडले. 'ओव्हर' मला म्हणावं लागलं.

पुढे खुलासा मागवणारं कागदपत्र आलं आणि विरूनही गेलं. पण भाऊ त्यानंतर पूर्वीसारखे राहिले नाहीत. मडावीच्या लेखी सोमा जिवंत होता, आणि छापील अंकात नव्हता. पुढच्या महिन्यात अंक आला तो भाऊंनी उभ्या उभ्या, ड्रायव्हर चहा पीत होता तेवढ्यात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. मी बघतच राहिलो. "आधी पाह्यलं पाहिजे," ते म्हणाले. "याच्यात सोमाले कुठी बसवाचं ते ठरवा लागते." त्यानंतर कुठल्याच अंकाला चिमटा लागला नाही. अंक एका बैठकीत संपे, आणि मग महिनाभर ते मडावीसाठी रोजचं पान रचत. त्यात सोमा वीराच्या यानावर असे, तिच्याशी भांडे, नव्या चौक्या उभारे. मी म्हणालो, "भाऊ, आता सांगून टाका ना. त्याचा जीव वाचला, झालं." तर म्हणाले, "ज्याच्या भरवशावर तो रातभर बसला, त्याले मी मारू का? वाट पाहाची माझी मजा गेली, जाऊ दे. तिकडं सोमा जिवंत हाये." हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख होतं. एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर जपून खाल्ली होती.

मडावी बरा होऊन सिरोंच्याला आला तेव्हा आमची पाचावर धारण बसली. भाऊंनी तो अंक आधीच घरी पाठवून दिला होता. पण मडावीनं अंक मागितलाच नाही. दोन दिवस राहिला, भाऊंच्या हातची झणझणीत मच्छी खाल्ली, पाया पडला आणि गेला. तापात विसरला असेल, असं मी धरून चाललो.

'तारा चौकी' एका वर्षी अचानक बंद पडलं, शेवट न सांगताच. भाऊंचं पान मात्र बंद पडलं नाही. जोवर ते सेटवर होते तोवर पावसाळ्यातल्या प्रत्येक संध्याकाळी मडावीला पान मिळालं. नंतर भाऊंना कावीळ झाली. चंद्रपूरला आणलं, मी रोज डबा घेऊन जात होतो. शेवटी शेवटी ते फार बोलत नसत. एकदा एवढंच म्हणाले, "मडावीले भेटला तर सांगशीन, सोमा खुशाल हाये." मी हो म्हटलं. ते गेले.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, पुण्यानुमोदनाला, त्यांच्या गावी गेलो. वंदना झाली, जेवणं झाली. मडावी बांधाच्या कडेला एकटा बसला होता, त्याच्याजवळ जाऊन बसलो. निरोप सांगायचा होता आणि तोंडातून शब्द निघेना. भाऊ मातीत गेले, आणि मी या माणसाला अजून तीच थाप मारू? पण मडावीनंच विचारलं, "तुले काही सांगितलं का त्यायनं?"

"सोमा खुशाल हाये म्हणाले."

मडावी हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "सोमा मेला होता ना?" तो म्हणाला. "त्या अंकात."

मी गारच पडलो. "तुमाले कोणी सांगितलं? कवा समजलं?"

"तवाच. स्लॅबवरच." त्यानं नाक पुसलं. "दोन यानं बाजूबाजूले लावून, मधात दांडे टाकून बांधले म्हने. अरे, ते ढिवराचं काम होय. आपल्या नदीवरचं. कॉमिकवाल्याले जोडडोंगा काय मालूम? मी समजलो, हे पान छापलेलं नाई. हे भाऊ सोताच बोलून राह्यले. म्हनजे पुढं खराब हाये, अन् त्यायनं ते पाह्यलं हाये."

"तरी थांबलात?"

"म्हनूनच थांबलो," मडावी म्हणाला. "सोमाच्या भरवशावर कोन थांबते बे? सोमा कागदाचा. पन जो मानूस आजचं पान वाचून उद्याले हात लावत नाई, त्यानं माह्यासाठी चिमटा काढला. सारं पलटवून पाह्यलं. अन् मंग कंट्रोल आयकून राह्यलं असतानी, साऱ्या लाइनवर, माह्यासाठी खोटं बोलला. त्याच्या शब्दाले मी हलनार होतो का?"

आणि इतकी वर्षं त्यानं भाऊंना कळू दिलं नव्हतं. भाऊ रोज एक पान रचत राहिले, हा रोज ऐकत राहिला, आणि दोघांनीही एकमेकांसाठी सोमाला जिवंत ठेवलं. मला त्या दोघांचा हेवा वाटला, खरंच सांगतो.

भाऊंच्या पत्नीनं, वहिनींनी, आम्हाला आत बोलावलं. ट्रंकेत भाऊंचे अंक होते. त्यातला एकच वेगळा बांधून ठेवला होता, पुराच्या वर्षीचा. तो लाकडी चिमटा अजून त्याच पानांना लावलेला होता, लोखंडी तारेला गंज चढलेला. वहिनींनी तो मडावीच्या हातात दिला. त्यानं हात सदऱ्याला पुसून अंक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो 'तारा चौकी' पाहत होता. अलीकडच्या एका पानावर सोमा यंत्रापाशी बसलेला होता. मडावीनं त्यावर बोट ठेवलं, भाऊ ठेवत तसंच दाबून.

"हिरवाच हाये," तो म्हणाला. "रोप्यावानी."

मी चिमट्याकडे हात नेला. त्यानं माझा हात धरला.

"राहू दे," मडावी म्हणाला. "पुढचं मले मालूम हाये."

त्यानं अंक मिटून वहिनींच्या हातात परत दिला, आणि आम्ही बाहेर येऊन चपला शोधू लागलो.